स्वित्झर्लंडमधला बस-सहलीचा एक दिवस: कुटुंबासह पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदाच ग्रुप टूरने निघालेल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: "सगळं टूर मॅनेजर बघतो ना, मग आपल्याला काय करायचंय?" तिकिटं, हॉटेल, जेवण, रस्ता हे सगळं तो बघतो, खरं आहे. पण आजींचे गुडघे, मुलीची घाटातली उलटी, हातमोजे नेमके मोठ्या बॅगेत राहणं आणि ती बॅग बसच्या पोटात असणं, हे तो बघू शकत नाही. दिवस बिघडतो तो अशाच गोष्टींनी.

मी सासूबाई (वय ७३), नवरा आणि आठ वर्षांची मुलगी अशी चौघांची गाठ बांधून गेले होते. आमचा मुक्काम ल्युसर्नला होता आणि त्या दिवशी बसने आणि पुढे डोंगरातल्या रेल्वेने युंगफ्राऊयोख या बर्फाळ उंच ठिकाणी जाऊन संध्याकाळी परत यायचं होतं. त्याच दिवसाच्या क्रमाने पुढे सांगते. तुमचा कार्यक्रम थोडा वेगळा असेल, पण बस-सहलीच्या दिवसाची घडी बहुतेक ठिकाणी अशीच असते. निघण्याआधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी मिळून मान्य करावी: आपल्या चौघांत जो सगळ्यात हळू चालतो, त्याच्या वेळेवर आपला दिवस बेतायचा. आमच्यात त्या सासूबाई होत्या. बस कुणासाठी हळू होत नाही, त्यामुळे आपल्यालाच थोडं लवकर सुरू करावं लागतं.

आदल्या रात्री

रात्री जेवण झाल्यावर टूर मॅनेजर दुसऱ्या दिवसाच्या वेळा सांगतो. बहुतेक टूरवर त्या "सहा-सात-आठ" अशा सांगितल्या जातात: सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. मॅनेजर बोलत असताना मोबाइल बाजूला ठेवा आणि एकाने वेळा कागदावर लिहून घ्या. प्रत्येकाने नुसतं ऐकलं की सकाळी प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी वेळ असते.

मग दुसऱ्या दिवशीची छोटी सॅक भरायची. दिवसभर हाताशी एवढंच सामान असतं, कारण मोठ्या बॅगा हॉटेलवर तरी राहतात किंवा बसच्या खालच्या कप्प्यात तरी जातात, आणि तो कप्पा मधल्या हॉल्टला कुणा एकासाठी उघडत नाहीत. सॅकमध्ये प्रत्येकाचं जर्किन, कानटोपी, हातमोजे, गॉगल, पाण्याची बाटली, दिवसभराची औषधं (आणि एक जादा डोस), ओले रुमाल, दोन-तीन कोऱ्या प्लास्टिक पिशव्या, मुलांचा कपड्यांचा एक जोड. पासपोर्ट सॅकमध्ये नको. सॅक काढली जाते, ठेवली जाते, विसरली जाते. पासपोर्ट अंगावरच्या पाऊचमध्ये, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये.

चार्जिंगचं आत्ताच बघा. स्वित्झर्लंडमधलं सॉकेट षटकोनी, तीन भोकांचं असतं. मोबाइलच्या चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग त्यात सरळ बसतो. जाड गोल पिना बसत नाहीत, त्यासाठी ॲडॉप्टर लागतो. आणि फोनच्या सिमबद्दल: स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. त्यामुळे "युरोप" लिहिलेल्या कित्येक डेटा पॅकमध्ये हा देश धरलेला नसतो. पॅक घेतानाच देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव शोधा.

सकाळ

सहाला उठायचं सांगितलं असेल, तर वयस्कर माणूस सोबत असलेल्यांनी पावणेसहाला उठावं. त्या पंधरा मिनिटांनी आमच्या सकाळी शांत झाल्या. बाथरूम एक, माणसं चार. पहिल्या दिवशी मी मुलीला आधी तयार केलं आणि सासूबाई शेवटी राहिल्या. त्यांना गुडघ्याचे पट्टे बांधायला वेळ लागला, नाश्ता उभ्या उभ्या झाला आणि दिवसभर त्यांना वाटत राहिलं की आपल्यामुळे उशीर झाला. दुसऱ्या दिवसापासून आधी त्या, मग बाकीचे.

नाश्ता पोटभर करा, पण घाटरस्ता असेल तर मुलांना दूध आणि तेलकट कमी द्या. खोली सोडताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा. मूल गर्दीत चुकलं तर "निळं जर्किन होतं की हिरवं?" यावर आईवडिलांचंही एकमत होत नाही, हे मी दुसऱ्या एका कुटुंबाच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहिलं आहे. मुलाच्या खिशात कागदाची चिठ्ठी ठेवा: आपला फोन नंबर, टूर मॅनेजरचा नंबर, हॉटेलचं नाव.

बसपाशी आलात की बसच्या नंबरप्लेटचा आणि पूर्ण बसचा फोटो घ्या. मोठ्या पार्किंगमध्ये पांढऱ्या रंगाच्या वीस बस एका ओळीत उभ्या असतात आणि आपली कुठली ते कळत नाही.

बहुतेक ग्रुपमध्ये जागा रोज बदलतात. आज पुढे बसलेले उद्या मागे. हा नियम मनापासून पाळा, कारण टूरवरची पहिली भांडणं जागांवरूनच होतात. आपल्याकडे उलटीचा त्रास असलेलं मूल किंवा पाय दुखणारं माणूस असेल, तर पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर वाद होण्याआधी, टूर मॅनेजरशी बाजूला बोला. तो पुढची एखादी जागा ठरवून देतो आणि बाकीच्यांना समजावूनही सांगतो.

स्वित्झर्लंडमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, म्हणून बसचे दरवाजे उजवीकडे असतात आणि रस्ता ओलांडताना पहिली गाडी डावीकडून येते. मुलांना हे रोज सकाळी सांगा. मधल्या दरवाज्याच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. उतरताना वयस्कर माणसाच्या पुढे एकाने उतरावं, मागून हात धरून उपयोग होत नाही.

बसमधले नियम

जिथे पट्टा आहे तिथे पट्टा बांधणं कायद्याने सक्तीचं आहे. बस चालू असताना मधल्या वाटेत उभं राहायचं नाही, वरच्या फळीवर जड बॅग ठेवायची नाही. घाटात करकचून ब्रेक लागला तर ती बॅग खाली येते. गरम किंवा सांडणारे पदार्थ बसमध्ये बहुतेक वेळा चालत नाहीत. सुका खाऊ चालतो, पण कचरा आपल्या पिशवीत.

बसमधलं टॉयलेट असलं तरी ते अडीअडचणीसाठी असतं आणि बऱ्याचदा बंद ठेवतात. म्हणून थांबा आला की इच्छा असो वा नसो, सगळ्यांनी जाऊन यायचं. मुलं "मला नाही लागली" म्हणतात आणि दहा मिनिटांनी लागते. काही देशांत हायवेवरच्या टॉयलेटला पैसे पडतात. जर्मनीत ऑटोबानवरच्या बऱ्याच ठिकाणी २०२२ पासून १ युरो घेतात आणि त्याचं कूपन तिथल्या दुकानात चालतं. सुटी नाणी वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवा.

बस उभी असताना इंजिन आणि त्याबरोबर एसी बंद असतो, याबद्दल लोक चालकावर चिडतात. विनाकारण इंजिन चालू ठेवायला स्वित्झर्लंडमध्ये बंदी आहे. त्यामुळे उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये चढलात की पाच मिनिटं उकडणार, हे धरून चाला.

चालकाचं घड्याळ समजून घ्या

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण तो कुणी सांगत नाही, आणि एकदा कळला की टूर मॅनेजर वेळेसाठी इतका का ओरडतो हे आपोआप कळतं.

युरोपात बसचालकाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. युरोपियन युनियनचा यासंबंधीचा मूळ नियम २००६ चा आहे आणि स्वित्झर्लंडमध्येही जवळपास तसेच नियम आहेत. चालकाने दिवसात जास्तीत जास्त ९ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा ती मर्यादा १० तासांपर्यंत जाते. सलग साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यायची, ती तुकड्यांतही घेता येते. आणि दिवस संपल्यावर सलग ११ तासांची विश्रांती, जी आठवड्यात काही वेळाच ९ तासांवर आणता येते. हे सगळं बसमधल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं. चालकाचं स्वतःचं कार्ड त्यात घातलेलं असतं. पोलिसांनी रस्त्यात तपासलं आणि तास जास्त निघाले, तर दंड होतो.

आता हिशोब करून बघा. रात्री जेवण लांबलं, कुणी दुकानातून उशिरा आलं आणि बस हॉटेलवर साडेनऊला लागली. अकरा तास मोजले तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या आधी ती बस हलूच शकत नाही. कार्यक्रम आठचा असेल तर अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात वरच्या गाडीची आपली आरक्षित वेळ चुकू शकते. म्हणजे आज संध्याकाळी कुणीतरी केलेल्या वीस मिनिटांच्या उशिराची किंमत उद्या सकाळी पंचेचाळीस माणसं मोजतात.

पॅरिसहून स्वित्झर्लंडला येण्यासारखा लांब पल्ल्याचा दिवस असेल, तर सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर असतं. त्या दिवशी चालकाचे नऊ तास जवळजवळ पूर्ण वापरले जातात. अशा दिवशी "वाटेत पाच मिनिटं फोटोला थांबवा ना" असं म्हणू नये. तो नाही म्हणतो तेव्हा त्याच्याकडे खरोखरच ती पाच मिनिटं नसतात.

चालकाशी वागण्याबद्दल एक साधी गोष्ट. सकाळी बसमध्ये चढताना त्याच्याकडे बघून अभिवादन करा. ल्युसर्नकडच्या लोकांना "ग्रुएत्सी" म्हटलं की चेहरा खुलतो, आणि आभारासाठी "मेर्सी" चालतं. आमचा चालक पहिल्या दिवशी गंभीर होता. माझ्या मुलीने तिसऱ्या दिवशी "ग्रुएत्सी" म्हटलं, त्यानंतर तो रोज ती चढेपर्यंत हात पुढे करून उभा राहायचा. टिप द्यायची पद्धत आहे, किती ते टूर मॅनेजरला सुरुवातीलाच विचारून पाकीट वेगळं काढून ठेवा.

ब्र्यूनिगचा घाट

ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाताना ब्र्यूनिग घाट लागतो. उंची फक्त १,००८ मीटर, पण वळणं बरीच. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तासाभराहून थोडं जास्त.

उलटीची गोळी घाट लागल्यावर देऊन उपयोग नाही. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी द्या. मुलाला पुढच्या जागेवर, खिडकीपाशी बसवा आणि लांबच्या डोंगराकडे बघायला लावा. मोबाइल आणि पुस्तक बंद. माझ्या मुलीने नेमकं याच घाटात रंगवायचं पुस्तक काढलं आणि पाचव्या मिनिटाला तिचा चेहरा पांढरा पडला. कोरी पिशवी सीटच्या खिशात होती म्हणून निभावलं. घाटाआधी पिशवी सॅकमधून काढा, हाताशी ठेवा.

घाट उतरला की ब्रिएन्झ सरोवर उजव्या हाताला दिसू लागतं. त्या पाण्याचा रंग बघून मुलं विचारतात की यात रंग घातलाय का. हिमनद्या डोंगराचा खडक घासतात, त्याची पिठासारखी बारीक पूड पाण्याबरोबर वाहून येते आणि पाण्यात तरंगत राहते, तिच्यामुळे हा निळसर हिरवा रंग येतो. इथे कॅमेरा आधीच काढून ठेवा. मधे बोगदे येतात आणि दृश्य तुकड्या-तुकड्यांत दिसतं.

वर

इंटरलाकेनहून वीसेक किलोमीटरवर ग्रिंडेलवाल्ड. तिथल्या टर्मिनलवर बस सोडते. डिसेंबर २०२० पासून इथून आयगर एक्सप्रेस नावाची केबल कार चालू आहे. एका डब्यात २६ जण बसतात आणि पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला पोचतात. तिथून दातेरी रुळांची गाडी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून वर नेते. सगळा प्रवास पाऊण तासाच्या आसपास. ही रेल्वे बांधायला १८९६ मध्ये सुरुवात झाली आणि वरचं स्टेशन १ ऑगस्ट १९१२ ला, म्हणजे स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय दिनी, सुरू झालं. सासूबाईंना मी हे गाडीतच सांगितलं. त्या काही वेळ बोगद्याच्या काळ्या भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणी खोदला असेल गं हातांनी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण त्यानंतर आम्ही ती भिंत वेगळ्या नजरेने पाहिली.

ग्रुपची गाडीतली वेळ ठरलेली असते. ती चुकली तर पुढच्या गाडीत पंचेचाळीस जागा मिळतील याची खात्री नाही. म्हणून टर्मिनलवर उतरल्यावर आधी टॉयलेट, मग दुकानं.

आता उंचीचं. युंगफ्राऊयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही दोन-तृतीयांशच मिळतो. आपण तिथे पाऊण तासात पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळ मिळत नाही. हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि तान्ह्या बाळाच्या आईवडिलांनी टूर ठरवतानाच डॉक्टरांना विचारावं, टर्मिनलवर उभं राहून नव्हे. बाकी सगळ्यांसाठी: गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू चाला, पळापळ नको, घोट घोट पाणी प्या. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं तर बसा आणि लगेच सांगा. दहा मिनिटांत बरं वाटलं नाही तर एका मोठ्या माणसासोबत पुढच्या गाडीने खाली उतरा. उंचीच्या त्रासावर खाली येणं हाच भरवशाचा उपाय आहे, आणि उतरण्यात कमीपणा काही नाही.

कानांना दडे बसतात. मुलांना चघळायला गोळी द्या, तान्ह्याला दूध पाजा. गिळलं की कान मोकळे होतात.

थंडीचा अंदाज असा करा: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ग्रिंडेलवाल्डचं टर्मिनल साडेनऊशे मीटरच्या आसपास, म्हणजे चढ अडीच हजार मीटर. खाली २० अंश असेल तर वर चार अंशांच्या आसपास, आणि वारा असेल तर त्याहून बराच कमी वाटतो. खाली टी-शर्टमध्ये फिरणाऱ्यांना बघून जर्किन बसमध्ये ठेवू नका. बस दिवसभर परत उघडायची नाही. गॉगल सगळ्यांना हवेतच, मुलांनाही. उंचीवर अतिनील किरण वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीही चेहरा आणि ओठ भाजतात. नाकाखाली आणि हनुवटीखाली क्रीम लावायला विसरू नका, बर्फावरचं ऊन खालून येतं.

वर बघायचं बरंच आहे, आणि ते सगळं बघायचा हट्ट धरला की वयस्कर माणसाची दमछाक होते. आत लांब बोगदे आहेत, चालणं बरंच होतं. वेळ दोन तास असेल तर माझा क्रम असा: आधी स्फिंक्स नावाच्या वरच्या इमारतीची लिफ्ट. ३,५७१ मीटरवर गच्ची आहे आणि तिथून 'आलेच' नावाची हिमनदी दिसते. ती आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी आहे, लांबी वीस किलोमीटरच्या आसपास, आणि आजूबाजूच्या प्रदेशासह २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ढग केव्हाही येतात, म्हणून मोकळं आकाश दिसलं की हे पहिलं. मग बर्फाचा महाल, जो हिमनदीच्या आत कोरलेला आहे. तिथली जमीनही बर्फाचीच, घसरडी. कठडा धरून चाला, मुलांना पळू देऊ नका. ज्यांचे गुडघे कच्चे आहेत त्यांनी महाल सोडावा. मग बाहेर बर्फात जाणं. खाणं शेवटी, किंवा गर्दी व्हायच्या आधी सुरुवातीला.

आमची चूक इथेच झाली. परतीची गाडी पावणेदोनची, आणि आम्ही पंचवीस मिनिटं आधी स्फिंक्सवरून उतरायला लिफ्टपाशी आलो. रांग एवढी होती की लिफ्ट तीनदा भरून गेली. खाली आल्यावर सासूबाईंना भराभर चालवावं लागलं, त्यांना धाप लागली, आणि मला आजही ते आठवून वाईट वाटतं. गाडी मिळाली, पण त्यानंतरचा तासभर त्या गप्प बसून होत्या. तेव्हापासून माझा नियम: भेटायच्या जागेपासून सगळ्यात लांबच्या ठिकाणाहून निघायची वेळ, परतीच्या आधी पाऊण तास.

घरातल्या कुणाला वर जायचंच नसेल, तर त्या माणसाला खाली टर्मिनलवर थांबता येतं. तिथे बसायला जागा, खायला आणि स्वच्छ टॉयलेट आहे. पण बस आणि चालक तिथे असतीलच असं धरू नका, आणि एकट्या वयस्कर माणसाला ठेवू नका. दोघांनी आळीपाळीने थांबणं इथे शक्य नसतं, कारण गाडीची वेळ एकच असते. कोण थांबणार ते आदल्या रात्रीच ठरवा.

इंटरलाकेनमध्ये मोकळा वेळ

खाली आल्यावर बहुतेक टूर इंटरलाकेनला तासभर मोकळा वेळ देतात. बसमधून उतरायच्या आधी तीन गोष्टी पक्क्या करा: कुठे भेटायचं, किती वाजता, आणि बस तिथेच असेल की दुसऱ्या जागी. गावात बस माणसं सोडून लांबच्या पार्किंगला जाते आणि ठरलेल्या वेळी काही मिनिटांसाठीच परत येते. भेटायच्या जागेचा फोटो काढा, त्यात दुकानाची पाटी दिसली पाहिजे.

चलन स्विस फ्रँक आहे. पर्यटकांच्या दुकानांत युरोच्या नोटा घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये देतात आणि दर त्यांचा असतो. कार्ड वापरलंत तर मशीन विचारतं की आपल्या देशाच्या चलनात पैसे घेऊ की फ्रँकमध्ये. फ्रँकच निवडा. दुसऱ्या पर्यायात तिथल्या तिथे महाग दर लावला जातो. नाण्यांत गोंधळ होतो: अर्ध्या फ्रँकचं नाणं २० राप्पेनच्या (राप्पेन म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) नाण्यापेक्षा लहान असतं, म्हणून आकारावर जाऊ नका, आकडा वाचा. देश सोडण्याआधी नाणी संपवा, बाहेर बँका ती बदलून देत नाहीत, फक्त नोटा घेतात.

रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात. औषध, पाणी, फळं असं काही लागणार असेल तर शनिवारीच घ्या. रविवारी मोठ्या रेल्वे स्टेशनमधली दुकानं उघडी सापडतात. पाण्यासाठी मात्र पैसे घालवू नका. नळाचं पाणी आणि गावातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. जिथे नसेल तिथे "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असते.

घड्याळासारखी मोठी खरेदी केली आणि कर परत घ्यायचा असेल, तर दुकानातून फॉर्म घ्या आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्वित्झर्लंडमधल्या खरेदीवर शिक्का स्वित्झर्लंड सोडताना मिळतो. पुढे इटली किंवा ऑस्ट्रियाला बसने जाणार असाल, तर सीमेवर कस्टमच्या कार्यालयात थांबावं लागतं. हे टूर मॅनेजरला सीमेच्या आदल्या दिवशी सांगा. शेवटच्या देशाच्या विमानतळावर या फॉर्मचा उपयोग होत नाही.

कुणी चुकलं तर

चुकलेल्याने जागा सोडायची नाही, हा नियम मुलांना आणि वयस्कर माणसांना रोज सांगा. शोधणारा एकच, दुसरा भेटायच्या जागी उभा. दोघंही शोधत सुटले की तिसरा हरवतो. दहा मिनिटांत सापडलं नाही तर टूर मॅनेजरला फोन, आणि लाज न बाळगता जवळच्या दुकानदाराला किंवा रेल्वे कर्मचाऱ्याला सांगा. पोलिसांचा नंबर ११७, रुग्णवाहिकेचा १४४, आणि ११२ सगळीकडे चालतो. हे आकडे फोनमध्ये आणि मुलांच्या चिठ्ठीवर असू देत.

आपल्याला बसपाशी पोचायला उशीर होतोय हे कळलं, तर धावत जाण्याआधी फोन करा. "आम्ही अमुक ठिकाणी आहोत, सात मिनिटं लागतील" एवढं सांगितलं की मॅनेजर चालकाला फेरी मारायला सांगू शकतो. काहीच न कळवता उशिरा आलेल्या माणसावर सगळी बस रागावते, आणि तो राग टूर संपेपर्यंत राहतो.

परत हॉटेलवर

परतीच्या प्रवासात मुलं झोपतात. झोपू द्या, पण पट्टा राहू द्या. उतरताना सीटचा खिसा, वरची फळी आणि पायाखालची जागा एकाने हाताने चाचपून बघा. चश्मे आणि हातमोजे तिथेच राहतात. दुसऱ्या दिवशी बस बदलणार असेल तर ते परत मिळणं कठीण.

खोलीत गेल्यावर ओले मोजे आणि बूट आधी बाहेर काढा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवले की सकाळपर्यंत बरेच सुकतात. सासूबाईंचे पाय मी दहा मिनिटं गरम पाण्याच्या टबात बुडवून ठेवायला लावायचे, आणि त्या वेळात नवरा मुलीला झोपवायचा. रात्री दहानंतर आवाज कमी, कॉरिडॉरमध्ये गप्पा नकोत. दहानंतरची शांतता तिथे खरोखर पाळली जाते आणि शेजारच्या खोलीतून लगेच तक्रार जाते.

मग औषधं, चार्जर, सॅक. उद्याच्या वेळांचा कागद खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला, कडीपाशी अडकवा. आमचा त्या दिवशीचा कागद मुलीने लिहिला होता. वर तिने सगळ्यात मोठ्या अक्षरांत "आजी: पावणेसहा" असं लिहिलं आणि खाली बाकीच्या तिघांच्या वेळा.